एकाच वायरीवर फूट कंट्रोलर: मिडी केबलमधून वीज देण्याची सुरक्षित पद्धत

माघात फोंडा महालात जत्रा लागल्या की आमच्यासारख्या हौशी वादकांना आठवड्यातून दोन-तीन रात्री काम असतं. देवळाच्या प्रांगणात रंगमंच, बाजूला उत्सवी नाटकाचा फलक, आणि नाटकाला तोंड लागण्याआधी तासभर गाणी. देवाचं आवार म्हणून चपला खाली. म्हणजे गिटारवाला अनवाणी उभा, पायाखाली जाजम, मंचाच्या कडेला उतरलेल्या दवाने ते ओलसर झालेलं, आणि त्याच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड. तो बोर्ड तिथे कशासाठी? तर फूट कंट्रोलरच्या एका एवढ्याशा अडॅप्टरसाठी.

तो बोर्ड पायाशी येऊच नये, मागे अँपच्या बाजूलाच राहावा, एवढ्यासाठी हा लेख. मिडी केबल, म्हणजे वाद्यं आणि यंत्रं एकमेकांना निरोप देतात ती वायर, तशीही मागून पायापर्यंत येतेच, तिच्यातूनच ९ व्होल्ट आणता येतात. काम अवघड नाही. पण इथे होणाऱ्या चुका गुपचूप होतात आणि ऐन कार्यक्रमात कळतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी, खरंच गरज आहे का

फूट कंट्रोलर म्हणजे काय, हे नव्या माणसासाठी सांगतो. तो स्वतः आवाज बदलत नाही. त्याच्यातून गिटारचा सिग्नल जातच नाही. तुम्ही बटण दाबलं की तो मागच्या प्रोसेसरला, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या यंत्राला, फक्त निरोप देतो, ‘आता १२ नंबरचा आवाज लाव.’ हा निरोप मिडीच्या भाषेत जातो. सेकंदाला ३१,२५० बिट असा मिडीचा वेग असतो, त्यामुळे आवाज बदलण्याचा दोन बाइटचा निरोप मिलिसेकंदाच्या आत पोचतो. बाकी कंट्रोलरला हवी असते ती दिवे पेटवण्यापुरती आणि आतली चिप चालवण्यापुरती वीज.

तुमच्या पायाशी आधीच पेडलबोर्ड असेल, त्यावर पेडलांसाठी पॉवर सप्लाय असेल, तर या भानगडीत पडू नका. बोर्ड तिथे येणारच आहे, त्याच सप्लायच्या एका स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुटवरून कंट्रोलरला वीज द्या. प्रोसेसर मागे रॅकमध्ये आणि पायाशी फक्त कंट्रोलर, अशी मांडणी असलेल्यांसाठीच पुढचं सगळं.

आणखी एक. माइकची फँटम पॉवर वेगळी आणि ही वेगळी. माइकला ४८ व्होल्ट जातात ते आवाजाच्याच तारांवरून, एक्सएलआर केबलमधून. मिडीत वीज वेगळ्या, रिकाम्या तारांवरून नेतात. बोलताना दोन्हींना ‘फँटम’च म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका उत्साही मुलाने मिक्सरचं ४८ व्होल्टचं बटण दाबून कंट्रोलर का पेटत नाही म्हणून अर्धा तास डोकं खाजवलं होतं.

पाच पिना, त्यातल्या दोन बिनकामाच्या

मिडीचं प्लग म्हणजे अर्धवर्तुळात पाच पिना असलेलं गोल डिन प्लग. कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिनांचे क्रमांक असे येतात: १, ४, २, ५, ३. हा क्रम विचित्र वाटतो, पण पाठ करून टाका. मधली २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५, आणि अगदी टोकांना १ आणि ३.

मिडीचं काम ४ आणि ५ या दोन पिनांवर चालतं. ४ नंबरवरून साधारण ५ मिलिअँपिअर करंट निघतो, पलीकडच्या यंत्रात ऑप्टोकपलरमधला एक छोटा दिवा पेटवतो आणि ५ नंबरवरून परत येतो. म्हणजे दोन यंत्रांमध्ये निरोप जातो तो प्रकाशाच्या रूपात, विजेचा थेट संबंध येत नाही. २ नंबर हे केबलच्या जाळीचं ग्राउंड. आणि ते मिडी आउटच्या बाजूलाच जोडायचं, मिडी इनच्या बाजूला मोकळं सोडायचं, असा नियम आहे. १९८३ साली मिडी बाजारात आली तेव्हापासूनची ही रचना. एका यंत्राची घरघर दुसऱ्यात शिरू नये म्हणून केलेली.

मिडी १.० च्या मानकात १ आणि ३ या पिनांना काम दिलेलंच नाही. त्याच आपण वीज नेण्यासाठी वापरणार आहोत. पण मानकाने काम दिलं नाही म्हणून प्रत्येक यंत्रात त्या मोकळ्याच असतील असं धरू नका. काही यंत्रांत त्या आतून ग्राउंडला टाकलेल्या असतात, काही उत्पादक त्या आपल्याच कामाला लावतात. रोलँडच्या टीआर-८०८ सारख्या जुन्या ड्रम मशीनवर दिसायला हुबेहूब असंच सॉकेट असतं, पण ते डिन सिंकचं. तिथे १ नंबर चालू-बंदचा आणि ३ नंबर तालाच्या ठोक्याचा. आणि जुन्या जर्मन टेप रेकॉर्डरवर हेच सॉकेट आवाजासाठी असायचं. गोव्यात पोर्तुगीज काळात आयात झालेला असा माल कुणाकुणाच्या माळ्यावर अजून सापडतो, त्याबरोबरच्या केबलही सापडतात. त्या केबल मिडीला ‘बसतात’. बसली म्हणून चालते, असा अर्थ काढू नका.

पायरी १: कंट्रोलरची पाठ वाचा

लेबल वाचायला मोबाइलचा टॉर्च घ्या आणि चार गोष्टी कागदावर उतरवा. किती व्होल्ट. एसी की डीसी. डीसी असेल तर मधली पिन प्लस की मायनस. आणि किती मिलिअँपिअर.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त घात करते. गिटार पेडलच्या जगात मधली पिन मायनस असते, मिडीच्या जगात बऱ्याचदा प्लस. प्लगचा आकार तोच, २.१ मिलिमीटर. पेडलचा अडॅप्टर कंट्रोलरला लावून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. लेबलवरचं दोन गोल आणि एक ठिपका असलेलं चिन्ह त्याचसाठी छापलेलं असतं. आणि ९ व्होल्ट म्हणजे डीसीच, हेही धरून चालू नका. ९ व्होल्ट एसी मागणारे कंट्रोलर आहेत.

मग मॅन्युअल उघडा आणि त्यात मिडी सॉकेटमधून वीज घेण्याबद्दल काही लिहिलंय का ते शोधा. तीन शक्यता निघतात.

पहिली, कंट्रोलर पाच पिनांच्याच सॉकेटवर १ आणि ३ मधून वीज घेतो. दुसरी, त्याला सात पिनांचं सॉकेट आहे आणि वीज बाहेरच्या ६ आणि ७ नंबरच्या पिनांवरून येते. रॅकमधले बरेच प्रोसेसर याच पद्धतीचे असतात. त्यांच्या पाठीवर अडॅप्टरसाठी एक वेगळं भोक असतं, तिथे कंट्रोलरचा अडॅप्टर लावला की वीज सात पिनांच्या मिडी इनमधून खाली पायाकडे जाते. तुमच्याकडे ही सोय असेल तर नशीबवान आहात. सात पिनांची चांगली केबल घ्या, चाचणीच्या पायरीवर उडी मारा. फक्त लक्षात ठेवा की पाच पिनांचं प्लग सात पिनांच्या सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतं आणि निरोपही पोचतात. वीज मात्र पोचत नाही, कारण ६ आणि ७ ला टेकायला काहीच नसतं.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त आढळते: मॅन्युअलमध्ये यातलं काहीच नाही. म्हणजे तुमचा कंट्रोलर मिडी सॉकेटमधून वीज घेत नाही. इंटरनेटवर कुणी त्याच मॉडेलचं पोट फाडून दोन तारा डाखलेल्या दिसतील. ते करू नका. त्याऐवजी दोन डब्यांची पद्धत वापरा: मागे एक डबा वीज केबलमध्ये घालतो, पायाशी दुसरा डबा ती बाहेर काढून कंट्रोलरच्या नेहमीच्या अडॅप्टरच्या भोकात देतो. कंट्रोलर उघडावा लागत नाही, वॉरंटी शाबूत राहते, आणि उद्या विकायचा झाला तर ‘आत काय काय केलंयस?’ असं कुणी विचारणार नाही.

बेहरिंगरच्या एफसीबी१०१० सारख्या कंट्रोलरमध्ये मात्र २३० व्होल्ट थेट आत जातात, ट्रान्सफॉर्मर पोटातच असतो. त्याला बाहेरून ९ व्होल्ट द्यायला भोकच नाही. तो या लेखाच्या बाहेरचा. त्याच्यावर काम करायचं तर ते जाणकार दुरुस्तीवाल्याने करावं.

पायरी २: केबलवर विश्वास ठेवू नका

माझं नुकसान इथेच झालं होतं, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा घरातली कीबोर्डची केबल लावली. कंट्रोलर ढिम्म. नंतर कळलं की बाजारातल्या कितीतरी मिडी केबलमध्ये तीनच जोडण्या असतात: २, ४ आणि ५. प्लगमध्ये पिना पाचही दिसतात, पण १ आणि ३ च्या मागे तारच नसते. मिडीसाठी तेवढं पुरतं, म्हणून बनवणाऱ्याला दोष देता येत नाही.

मग मी जोशात चार तारा आणि जाळी असलेली केबल आणून स्वतः प्लग डाखले. रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. प्लग पुढून बघताना पिनांचा जो क्रम दिसतो तो मागून, म्हणजे जिथे डाख लावायचा त्या बाजूने, आरशातल्यासारखा उलटा होतो. एका टोकाला मी पुढून मोजलं, दुसऱ्या टोकाला मागून. त्यामुळे १ आणि ३ ची अदलाबदल झाली, म्हणजेच प्लस-मायनस उलट. सोबत ४ आणि ५ सुद्धा उलटल्या, पण त्याने काही जळत नाही. मिडी इनमध्ये उलट्या करंटसाठी संरक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, निरोप फक्त पोचत नाहीत. विजेचं तसं नव्हतं. कंट्रोलर लावला, एक बारीक ‘टिक्’ आणि अगरबत्ती विझल्यासारखा वास.

मडगावच्या एका दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. आत शिरताच एक डायोड आडवा टाकलेला होता, उलटी वीज आली तर स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या बोर्डाला वाचवण्यासाठी. त्याने आपलं काम केलं होतं, बिचारा काळा ठिक्कर पडला होता. ‘वाटेत फ्यूज असता तर हाही वाचला असता,’ एवढंच तो म्हणाला. डायोडची किंमत चहापेक्षा कमी. त्या रात्रीच्या कार्यक्रमात मी एकाच आवाजावर सगळी गाणी वाजवली, ते वेगळं.

तेव्हा मल्टिमीटर घ्या, साधासुधा चालेल, बीप वाजवणाऱ्या कंटिन्युइटीवर ठेवा. केबलच्या दोन्ही टोकांची प्लग समोरासमोर धरा आणि खाच बघून सुरुवात करा. १ ला १ वाजली पाहिजे, २ ला २, असं पाचही. मग उलट तपासणी: १ ची इतर चौघींशी, ३ ची इतर चौघींशी, आणि प्रत्येकीची प्लगच्या धातूच्या कवचाशी. १ किंवा ३ कवचाशी वाजली तर ती केबल या कामाला बाद. तपासताना केबल प्लगच्या मानेशी वाकवून, हलवून बघा. तुटकी तार सरळ ठेवली की जुळते आणि वाकवली की सुटते, आणि मंचावर केबल सरळ कधीच नसते.

पास झालेल्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

छोट्या कंट्रोलरांवर हल्ली साडेतीन मिलिमीटरचं हेडफोनसारखं मिडी सॉकेट असतं. त्यात तीनच जोडण्या, त्यामुळे वीज न्यायला जागाच नाही. तिथे हा मार्ग बंद.

पायरी ३: लांबीचा हिशेब

मिडी केबल १५ मीटरपर्यंत चालते असं मानक सांगतं. ते निरोपापुरतं. वीज न्यायची तर तार बारीक असल्यामुळे व्होल्टेज वाटेत पडतं, आणि वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी दुप्पट धरायची.

२८ गेजच्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे सुमारे अडीच ओहम. कंट्रोलर ३०० मिलिअँपिअर ओढत असेल तर पाऊण व्होल्ट वाटेत गेला. ९ चे सव्वाआठ. हे बहुतेक वेळा चालून जातं. आता केबल १० मीटर आणि कंट्रोलर दिव्यांनी लखलखणारा, ५०० मिलिअँपिअरचा धरा. दोन व्होल्टहून जास्त पडतात, हातात सातही उरत नाहीत. कंट्रोलरच्या आत ७८०५ सारखा ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) असेल तर त्याला आत यायलाच सातच्या आसपास लागतात.

याची लक्षणं फसवी असतात. कंट्रोलर चालू होतो, एखाद-दुसरा दिवा लागला की ठीक वाटतं. सगळे दिवे एकदम लागले की तो मध्येच स्वतःला रिस्टार्ट करतो. माणूस मग सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

उपाय: केबल गरजेपुरतीच घ्या, पाच-सहा मीटर. तारा २६ किंवा २४ गेजच्या बघा. २४ गेजचा रोध मीटरला ०.०८४ ओहम, म्हणजे २८ च्या निम्म्याहूनही कमी. आणि ५०० मिलिअँपिअरच्या वर मागणारा कंट्रोलर या वाटेला लावूच नये, असं माझं मत आहे. ‘वाटेत पडतंय तर मागून १२ व्होल्ट देऊ’ हा शॉर्टकट कंट्रोलरच्या लेबलवर ९ ते १२ असं लिहिलेलं असेल तरच. नाहीतर केबल आखूड केली त्या दिवशी कंट्रोलर भाजेल.

पायरी ४: डबा

मागच्या डब्याचं सामान: १८० अंशाची पाच पिनांची दोन डिन सॉकेट, एक डीसी जॅक, काचेच्या फ्यूजचा होल्डर, छोटा डबा. एका सॉकेटवर ‘पाय’ लिहा, दुसऱ्यावर ‘प्रोसेसर’. पेनाने नको, पुसलं जातं.

दोन्ही सॉकेटमध्ये २ ला २, ४ ला ४, ५ ला ५ जोडा. अडॅप्टरच्या जॅकमधून प्लसची तार आधी फ्यूजला आणि तिथून ‘पाय’ लिहिलेल्या सॉकेटच्या १ किंवा ३ ला. उरलेलीला मायनस. प्लस १ वर की ३ वर, याला सगळ्यांनी पाळलेला नियम नाही. कंट्रोलर स्वतः वीज घेणारा असेल तर मॅन्युअल सांगेल तसं, दोन्ही डबे तुमचेच असतील तर एक ठरवा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ‘प्रोसेसर’ लिहिलेल्या सॉकेटच्या १ आणि ३ पिनांना काहीही जोडायचं नाही. एक केससुद्धा नाही. वीज फक्त पायाकडे जाईल, प्रोसेसरकडे तिचा थेंबही जाता कामा नये. तुमच्या महागड्या प्रोसेसरने १ आणि ३ आतून कुठे टाकल्यात हे आपल्याला बाहेरून दिसत नाही, त्यामुळे वाटच बंद ठेवलेली बरी.

तशीच मायनसची तार. ‘ग्राउंड ते ग्राउंड’ म्हणून मायनस २ नंबरला जोडून एक तार वाचवू, असं मनात येईल. नको. २ नंबर जाळीचं आहे. त्यातून कंट्रोलरचा सगळा करंट परत आणला तर मिडीने मेहनतीने वेगळी ठेवलेली दोन यंत्रं तुम्ही पुन्हा एकत्र बांधाल, आणि मग अँपमधून जी घरघर येईल ती शोधता शोधता जत्रा संपेल.

फ्यूज कंट्रोलरच्या गरजेपेक्षा थोडा वरचा, ३०० मिलिअँपिअरच्या कंट्रोलरला ५०० मिलिअँपिअरचा, स्लो-ब्लो. चालू होताना क्षणभर जास्त ओढ असते, ती सोसणारा. स्वतःहून पूर्ववत होणारा पॉलीफ्यूज घातला तरी चालेल, मला काचेचा आवडतो कारण उडालेला दिसतो.

डबा धातूचा असेल तर डीसी जॅक प्लास्टिकचा घ्या. अडॅप्टरची मधली पिन मायनस असेल तर जॅकची बाहेरची बाजू प्लस होते, आणि धातूचा जॅक नटाने डब्याला आवळला की अख्खा डबाच प्लस. तो रॅकला टेकला की शॉर्ट. डबा नीट दिसतो, जोडण्या बरोबर असतात, आणि फ्यूज मात्र उडत राहतो.

पायाकडचा डबा असाच, उलट्या कामाचा. केबल आत येते, १ आणि ३ वरची वीज एका छोट्या तारेने कंट्रोलरच्या अडॅप्टरच्या भोकात जाते, आणि २, ४, ५ पुढे कंट्रोलरच्या मिडी आउटला. प्लसच्या वाटेत इथे एक शॉटकी डायोड घाला, १एन५८१९ चालेल. तीन-चार दशांश व्होल्ट खाईल, पण केबल उलटी निघाली तर वीज पुढे जाणारच नाही. तो मागच्या डब्यात घातला तर फक्त अडॅप्टरच्या चुकीपासून वाचवतो. पायाशी घातला तर अडॅप्टर आणि केबल दोन्हींच्या. एसी मागणाऱ्या कंट्रोलरला मात्र हा डायोड लावायचा नाही, तो एसीचा अर्धा भाग कापून टाकेल.

पायरी ५: कंट्रोलरशिवाय चाचणी

सगळं जोडा, कंट्रोलर सोडून. अडॅप्टर चालू करा आणि पायाकडच्या टोकाला मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. आकडा आणि चिन्ह दोन्ही बघा. लाल प्रोब प्लसवर असताना उणे दिसलं तर कुठेतरी उलटलंय. जुन्या, जड, ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असूनही रिकाम्यात १२-१३ दिसतात. तो रेग्युलेटेड नसतो म्हणून. कंट्रोलर नाजूक असेल तर असा अडॅप्टर टाळा आणि स्विचिंगवाला घ्या.

मग ‘प्रोसेसर’ सॉकेटवर मोजा. तिथे १ आणि ३ मध्ये शून्य यायला हवं, आणि त्यातली कुठलीही २ शी मोजली तरी शून्य.

आता ओझ्याची चाचणी. ३३ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, तो पांढरा चौकोनी सिमेंटचा, आणि पायाकडच्या वीज देणाऱ्या टोकाला लावा. ९ व्होल्टवर तो पाव अँपिअरच्या थोडं वर ओढतो, म्हणजे मध्यम कंट्रोलरएवढं. त्याच्यावर व्होल्ट मोजा. सहा मीटरच्या बारीक केबलवर आणि डायोडसकट ८ च्या आसपास आले तर छान. सातच्या खाली गेले तर केबल बदला. दहा मिनिटं तसंच चालू ठेवा, मग केबल आणि प्लग हाताने चाचपा. प्लग कोमट लागला तर आत डाख कच्चा आहे. रेझिस्टरला मात्र हात लावू नका, तो अडीच वॉट जाळतोय, चांगला चटका देतो.

हे सगळं जमलं की मग कंट्रोलर.

मंचावर

क्रम पाळा: आधी सगळ्या केबल, शेवटी अडॅप्टरचा स्विच. काढताना उलट. चालू असताना मिडी केबल उपटू नका, कारण आता तुमच्या केबलच्या पायाकडच्या टोकाला उघड्या पिनांवर वीज आहे, आणि ती पिन कंट्रोलरच्या पत्र्याला घासली की फ्यूज गेलाच. खिशात दोन फ्यूज जादा ठेवा.

अडॅप्टर फक्त कंट्रोलरचा असू द्या. एकाच अडॅप्टरवरून डेझी चेनने कंट्रोलर आणि मागचे दोन पेडल चालवले की ग्राउंड एकत्र येतात आणि घरघर सुरू होते. आणि घरघर घालवायला कुणी अँपच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायचा सल्ला देईल. साउंडवाला कितीही अनुभवी असला तरी ऐकू नका. जत्रेला जनरेटर असतो, त्याचं अर्थिंग आधीच रामभरोसे, त्यात तुम्ही अनवाणी, हातात स्टीलच्या तारांची गिटार. कंट्रोलर ९ व्होल्टवर आला म्हणून अँपचे २३० कुठे जात नाहीत. मी जाण्याआधी मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला अर्थ कुठे ठोकलाय ते दाखवायला सांगतो. सुरुवातीला तो हसायचा, आता आपणहून दाखवतो.

खारी हवा हा आपल्याकडचा खास त्रास. कळंगुट-बागाकडे वाजवणाऱ्यांच्या डिन पिना एका पावसाळ्यात काळवंडतात. निरोपाच्या ५ मिलिअँपिअरला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण ३०० मिलिअँपिअर त्याच गंजातून नेले की व्होल्टेज पडतं आणि पिन तापते. सप्टेंबरात, पाऊस ओसरला की, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-बारा वेळा घाला-काढा, आणि पायरी ५ पुन्हा करा. केबल प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फेकू नका.

आणि ती लाल टेपवाली केबल. कार्यक्रमाच्या गडबडीत कीबोर्डवाला हमखास विचारतो, ‘मिडी केबल आहे का रे एखादी?’ साधी केबल त्याच्यासाठी वेगळी बॅगेत ठेवा आणि तीच द्या. लाल टेपवाली दिली तर त्याच्याकडे ती सुखाने चालेल, पण रात्री दोनला आवराआवर करताना तुमच्या हाती परत येईल ती त्याची, तीन तारांची.